दोघांचा संवाद, एक डायनिंग टेबल, दहा बाय बाराची खोली: क्लोज नेमका कुठून घ्यायचा?

दुपारचं ऊन:
नमस्कार मंडळी. सहा मिनिटांच्या लघुपटातला मुख्य प्रसंग असा आहे: वडील आणि मुलगी रात्री समोरासमोर जेवायला बसलेत आणि मुलगी नोकरी सोडल्याचं सांगते. संवाद मोजके, बाकी सगळं चेहऱ्यांवर. सामान म्हणाल तर क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, १८-५५ ची किट लेन्स, ५० मिमी एफ १.८ ची एक लेन्स आणि तिपाई.

फोनवर चाचणी घेतली. मुलीचा क्लोज (चौकटभर चेहरा) जवळ जाऊन, वडिलांचा लांबून झूम करून. जोडून पाहिलं तर दोघं एका टेबलाशी बसलेत असं वाटतच नाही. मुलीचं नाक मोठं दिसतं, वडील भिंतीवरच्या फोटोसारखे सपाट. त्यात दोघंही एकाच दिशेला बघताहेत. हे कशामुळे होतं? वडिलांचा दरारा दाखवायला लो अँगल घ्यावा का? आणि बातमी ऐकतात त्या क्षणी डॉली झूम कसा वाटेल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

तिपाई:
जवळ जाऊन घेतलेला क्लोज आणि झूम करून आणलेला क्लोज हे दोन वेगळे शॉट आहेत, चौकटीत चेहरा तेवढाच मोठा दिसला तरीही. चेहऱ्याची ठेवण कशी दिसणार हे कॅमेरा किती लांब उभा आहे त्यावर ठरतं. त्या जागेवरून किती भाग कापून घ्यायचा, एवढंच लेन्सचं काम.

तुमच्याच सेन्सरवर हिशेब करू. व्हिडिओत वापरली जाणारी त्याची उंची साधारण १३.२ मिमी. क्लोजमध्ये डोक्यापासून खांद्यापर्यंत ४५ सेंमीचा भाग हवा असं धरा. त्या भागाच्या उंचीला फोकल लेंथने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) गुणायचं आणि सेन्सरच्या उंचीने भागायचं, की कॅमेऱ्याचं अंतर मिळतं. १८ मिमीला ६१ सेंमी, ३५ ला १.१९ मीटर, ५० ला १.७० मीटर.

आता चेहरा बघा. नाकाचा शेंडा कानाच्या साधारण १२ सेंमी पुढे असतो. कॅमेरा नाकापासून ६१ सेंमीवर असेल तर कान ७३ सेंमीवर, म्हणजे कानाच्या मानाने नाक २० टक्क्यांनी फुगतं. १.७० मीटरवरून हाच फरक ७ टक्क्यांवर येतो. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे क्लोज हवा तर तुम्ही आपोआप हातभर अंतरावर जाता. तिथेच मुलीचं नाक बिघडलं.

उपाय सोपा आहे. दोघांचे क्लोज एकाच फोकल लेंथने, एकाच अंतरावरून घ्या. अंतर डोळ्यांच्या अंदाजाने नको, मोजपट्टी लावा. लेन्सची उंचीही मोजा.

शेवटची रांग:
या हिशेबासाठी तिपाई यांना दंडवत. 'पोर्ट्रेट लेन्स' या नावामुळे लेन्सच्या काचेतच काहीतरी करामत असते असा समज पक्का होता.

रेषेपलीकडे:
दोघंही एकाच दिशेला बघताहेत, म्हणजे लाइन क्रॉस झालीय. वडिलांच्या नाकापासून मुलीच्या नाकापर्यंत एक दोरी ताणली आहे असं समजा. ही इमॅजिनरी लाइन. पहिला शॉट दोरीच्या ज्या बाजूने घेतला, त्याच बाजूच्या अर्धवर्तुळात पुढचे सगळे शॉट घ्यायचे. मग वडील कायम चौकटीच्या उजवीकडे बघतात, मुलगी कायम डावीकडे, आणि प्रेक्षकाच्या मनात दोघं समोरासमोर बसतात. एक जरी क्लोज दोरीच्या पलीकडून घेतला, तर दोघं मिळून दाराबाहेरच्या तिसऱ्याच कुणाकडे बघताहेत असं होतं.

करायचं एवढंच: टेबलाखालून जमिनीवर ही रेष रंगीत टेपने काढा, दोन्ही टोकांना पुढे एकेक मीटर वाढवा. कॅमेऱ्याचे तिन्ही पाय टेपच्या एकाच बाजूला राहिले की भानगड नाही. स्क्रिप्टच्या पानावर प्रत्येक शॉटपुढे 'राइट लुक' किंवा 'लेफ्ट लुक' लिहून ठेवा. थकव्यात रात्री अकरा वाजता तेच कामाला येतं.

रेष ओलांडायचीच असेल तर प्रेक्षकासमोर ओलांडा. म्हणजे कॅमेरा शॉट चालू असताना पलीकडे न्या, किंवा पात्राला उठवून पलीकडे बसवा, किंवा मध्ये इन्सर्ट, म्हणजे नुसत्या ताटाचा छोटा शॉट, टाका. इन्सर्ट हा यातला सगळ्यात लंगडा मार्ग.

चौकट:
लो अँगलबद्दल. कॅमेरा खालून वर बघत असेल तर माणूस भारी वाटतो, वरून बघत असेल तर केविलवाणा. वडिलांना खालून, मुलीला वरून. जुना आणि खात्रीचा मार्ग आहे, वापरा की.

मंद प्रकाश:
चौकट, हा नियम पुस्तकात दिसतो तेवढा सरळ चालत नाही. बसलेल्या माणसाला खालून घेतलं की आधी दिसतात नाकपुड्या, हनुवटीखालची वळी आणि पाठीमागे छत. घरातल्या छताला पंखा आणि ट्यूबलाइट असते. वडिलांच्या डोक्यातून पंखा उगवला की दरारा संपला.

दुसरं म्हणजे, अँगलचा परिणाम आधीच्या शॉटच्या तुलनेत कळतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंमीवर असतात. सगळा प्रसंग ११८ सेंमीवरून घेतलात आणि बातमीनंतर वडिलांचा एकच शॉट १०० सेंमीवरून घेतलात, तर तेवढा १८ सेंमीचा फरक पुरतो. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण तो खुर्चीत जरा मागे सरकेल. पहिल्यापासून खालूनच घेत राहिलात तर दोन मिनिटांत डोळा सरावतो आणि शिल्लक काही उरत नाही.

आणि कॅमेरा खाली असणं वेगळं, कॅमेरा वर झुकवणं वेगळं. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू कॅमेरा जमिनीलगत ठेवायचे, ५० मिमी लेन्सने, पण चटईवर बसलेल्या माणसांच्या घरात. तिथे कुणी बलाढ्य वाटत नाही. आपण त्यांच्या शेजारी बसलोय असं वाटतं. आपल्याकडे पाटावर बसून जेवणाऱ्यांचा प्रसंग असेल तर डोळे साधारण ७५ ते ८० सेंमीवर येतात. बऱ्याच तिपाया तिथपर्यंत उतरत नाहीत, मग लोक उभ्यानेच वरून घेतात आणि घरातली माणसं उगाच दीनवाणी दिसतात. तिथे बेबी लेग्ज (बुटकी तिपाई) किंवा हाय-हॅट (कॅमेरा जमिनीलगत बसवायची बैठक) मागवा. नसेल तर पाटावर वाळूची पिशवी आणि तिच्यावर कॅमेरा.

चौकट:
पटलं. 'आधीच्या शॉटच्या तुलनेत' हा मुद्दा माझ्या उत्तरात राहिला होता. पंख्याचा मुद्दाही मान्य!

पोळपाट:
सगळे लेन्सवर बोलताहेत, पण प्रसंग जेवणाचा आहे, आणि जेवणाचे प्रसंग कॅमेऱ्यामुळे कमी आणि ताटामुळे जास्त बिघडतात. हाताने जेवताना हात सतत फिरतो. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या शॉटमध्ये, 'मी राजीनामा दिला' या वाक्याला घास हातात असेल आणि क्लोजमध्ये तोंडात असेल, तर एडिटिंगमध्ये त्या वाक्यावर कापताच येत नाही.

म्हणून पहिल्या रिहर्सललाच ठरवा: कोणत्या शब्दाला भाकरी मोडायची, कोणत्या शब्दाला घास उचलायचा, कुठे पाण्याचा पेला. संवादाच्या कागदावर पेन्सिलने खुणा करा. महत्त्वाच्या ओळीला हात थांबलेला ठेवा, म्हणजे कुठल्याही शॉटवरून कुठल्याही शॉटवर जाता येतं. घास उचलताना मध्येच कापलं तर कट लपतो. हात तोंडाशी पोचल्यावर कापलं तर जंप येतो.

पिठलं असेल तर चार मिनिटांत साय धरतं. प्रत्येक टेकला ताट नव्याने वाढावं लागतं, तेव्हा एका माणसाला तेवढंच काम द्या आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला ताटाचा फोटो काढा. भाकरी किती उरलीय, चटणी कुठल्या बाजूला, पेला किती भरलेला. पाच ते सहा टेक धरले तर दोघांसाठी दहा-बारा भाकऱ्या लागतात. नटांना छोटे घास सांगा, नाहीतर सातव्या टेकला चेहऱ्यावर अपचन दिसतं.

दुपारचं ऊन:
पोळपाट, हे डोक्यातच आलं नव्हतं. ताटात पिठलंच होतं! धन्यवाद. डॉली झूमबद्दल कुणी सांगेल का?

तिपाई:
डॉली झूममध्ये कॅमेरा मागे जातो तेव्हाच लेन्स झूम होते, किंवा उलट, आणि माणूस चौकटीत तेवढाच राहतो. त्यासाठी फोकल लेंथ आणि अंतर एकाच पटीत बदलायला हवं. १८ मिमीला कॅमेरा १ मीटरवर असेल तर ५५ मिमीला ३.०६ मीटरवर हवा. हिचकॉकच्या १९५८ च्या 'व्हर्टिगो'मध्ये जिना खोल जाताना दिसतो तो याच पद्धतीने, आणि तो जिना म्हणजे आडवी ठेवलेली छोटी प्रतिकृती होती. उभ्या जिन्यात कॅमेरा वर-खाली नेण्यापेक्षा आडव्या प्रतिकृतीत ट्रॉली ढकलणं सोपं.

तुमच्याकडे तीन अडचणी आहेत. वडिलांच्या पुढे ३ मीटर आणि मागेही जागा हवी, खोलीच सगळी ३.६ मीटर. दुसरी अडचण मोठी आहे: या शॉटमध्ये जे हलतं ते पाठीमागचं जग. पाठीमागे १० मीटरवर काही असेल तर वरच्या आकड्यांत ते २.६ पट फुगतं. वडिलांमागे १.२ मीटरवर भिंत असेल तर जेमतेम १.६ पट, आणि कोऱ्या भिंतीवर तेही कळत नाही. तिसरी अडचण किट लेन्सची. ती १८ वर एफ ३.५ आणि ५५ वर एफ ५.६ होते, म्हणजे आत येणारा उजेड कमी होतो, त्यामुळे झूम करता करता चित्र काळवंडतं. आधीपासून ५.६ वर ठेवलं तर हे टळतं, पण झूम करताना फोकस सरकतो तो सरकतोच.

फोर के मध्ये शूट करून एचडीत द्यायचं असेल तर एडिटिंगमध्ये दुप्पट कापता येतं, म्हणजे कॅमेरा १.५ वरून ३ मीटरवर नेऊन निम्मा डॉली झूम जमतो. तरीही इथे नको. राजीनाम्याची बातमी शांत आहे आणि हा शॉट ओरडतो.

जुनी रीळं:
थोडं अवांतर. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा जाहीर खेळ ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झाला. त्या काळात कॅमेरा बहुतेक नाटकाच्या प्रेक्षकाच्या जागी असे, समोर आणि स्थिर. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे ही अपेक्षा. एकवीस वर्षांनी, १९३४ ला, प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये शांताराम यांनी राजगुरूच्या फक्त डोळ्याचा पडदाभर क्लोज ठेवला. पुण्याच्या स्टुडिओतला प्रभातचा तो पहिला चित्रपट, आणि आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती हीच जागा. दोन टोकांमधलं सगळं व्याकरण एका पिढीत आपल्याकडे तयार झालं. डोळा पडदाभर दिसतो तेव्हा आजही अंगावर येतो, कारण समोरच्या माणसाच्या इतकं जवळ आपण खऱ्या आयुष्यात फार क्वचित जातो.

सावकाश:
मी उलट विचारते. क्लोज हवेतच कशाला? बापलेक समोरासमोर, मधे टेबल, बाजूने एक टू-शॉट, म्हणजे दोघं एकाच चौकटीत, कॅमेरा स्थिर. मुलगी बोलते, वडील भाकरी मोडत राहतात. प्रेक्षक स्वतः ठरवेल कुणाकडे बघायचं. 'कोर्ट' या मराठी चित्रपटात कामकाज संपतं, दिवे बंद होतात, तरी कॅमेरा तिथेच असतो. रिकाम्या खोलीत बसवून ठेवल्यामुळेच ते अंगावर येतं. इथे क्लोज कापलात की कुणाचं दुःख मोठं हे तुम्हीच ठरवून टाकता.

रेषेपलीकडे:
सावकाश, मुद्दा भारी आहे, पण टू-शॉटमध्ये दोघांची अर्धीच तोंडं दिसतात, एकेक डोळा. मूळ प्रश्नात दिलंय की बरंचसं चेहऱ्यांवर आहे. बाजूने धरलेल्या एका शॉटला बोलणारं शरीर लागतं: हात, पाठ, खुर्ची मागे सरकणं. नट तेवढे तयार असतील तर खुशाल धरा. शिवाय एकच टेक पहिल्यापासून शेवटपर्यंत उत्तम जमायला हवा, कापायला दुसरं काही हाताशी नसतं.

सावकाश:
म्हणून तर म्हणते, टू-शॉट पूर्ण प्रसंगभर चालवून घ्याच. वापरायचा की नाही ते एडिटिंगच्या टेबलावर ठरवा. पण तो फक्त पहिल्या दोन ओळींपुरता घेऊन थांबू नका.

रेषेपलीकडे:
याला शंभर टक्के सहमत.

मंद प्रकाश:
सजेशनबद्दल कुणीच बोललं नाही. समोरच्या पात्राचा खांदा आणि कानाची कड चौकटीत ठेवून घेतलेला शॉट, त्याला आपल्याकडे युनिटवर सजेशन म्हणतात. खांदा दिसतोय तोवर दोघं एकत्र आहेत. क्लीन क्लोजमध्ये, म्हणजे खांदा नसलेल्या क्लोजमध्ये, माणूस एकटा पडतो. तुमच्या प्रसंगाचा अर्धा अर्थ या एका फरकात सांगता येईल.

मोजमाप देतो. चार खुर्च्यांचं टेबल साधारण ७५ सेंमी रुंद, त्यामुळे दोन चेहऱ्यांत १.३ मीटर अंतर. कॅमेरा जवळच्या चेहऱ्याच्या ६० सेंमी मागे, म्हणजे लांबच्या चेहऱ्यापासून १.९ मीटर. ३५ मिमीला तिथे ७२ सेंमी उंचीचा भाग बसतो, छातीपासून वर. खांद्याने चौकटीचा पाव भाग खावा, फार तर तिसरा. कानामागून लांबच्या पात्राचे दोन्ही डोळे दिसलेच पाहिजेत. एक झाकला गेला तर जवळच्या, पाठमोऱ्या नटाला दोन इंच सरकवा, कॅमेरा नको.

मुलीवरचं सजेशन झालं की काउंटरसाठी, म्हणजे उलट बाजूच्या शॉटसाठी, कॅमेरा मुलीच्या मागे जातो, आणि तिथे जागा संपलेली असते. मग टेबल आणि दोन्ही खुर्च्या मिळून दोन फूट उलट दिशेला ओढा. हे चीट आहे, सगळेच करतात. प्रेक्षक टेबलाचं अंतर मोजत नाही. मात्र पात्रामागची भिंत दोन्ही शॉटमध्ये सारखीच लांब राहिली पाहिजे, एकामागे एक मीटर आणि दुसऱ्यामागे दोन असं झालं की खटकतं. टेबल सरकलं की जमिनीवरची टेपही नव्याने लावा.

चौकट:
५० मिमीला एफ १.८ वर जाण्याचा मोह टाळा. १.७० मीटरवर फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम ८ सेंमी असते. घासाला वाकलेला माणूस तेवढ्यात बाहेर जातो. एफ ४ ला साधारण १८ सेंमी मिळतात. उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा. थोडे दाणे चालतील, हुकलेला फोकस दुरुस्त होत नाही. तिपाईवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद करा.

दुपारचं ऊन:
सगळ्यांच्या प्रतिसादांवरून असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. आधी बाजूचा टू-शॉट, पूर्ण प्रसंग, १८ मिमीच्या आसपास, कॅमेरा दारातून. मग दोन्ही सजेशन ३५ मिमीला, १.९ मीटर, उंची ११८. मग दोन्ही क्लीन क्लोज ५० मिमीला, १.७० मीटर. जोडताना बातमीपर्यंत टू-शॉट आणि सजेशन, बातमीनंतरच क्लीन क्लोज, आधी वडिलांचा. शूटिंगला पहिल्यांदा मुलीचे सगळे शॉट, मग वडिलांचे, कारण दिवे एकदाच हलवायला बरे. घरातली एलईडी ट्यूब चालूच ठेवणार आहे.

मंद प्रकाश:
ट्यूब चालू ठेवलीत तर शटर १/५० सेकंदावर ठेवा आणि सेकंदाला २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, १/६० वर काळे पट्टे सरकताना दिसतात. स्वस्त एलईडी असेल तर १/५० वरही दहा सेकंद शूट करून मोठ्या पडद्यावर बघा.

तिपाई:
आराखडा चांगला आहे. एकच बदल. सजेशनला वडिलांमागची भिंत साधारण एक मीटरवर असेल, क्लीन क्लोजला टेबल आणखी पुढे ओढून ती दीड मीटर करा. ५० मिमीला ती मऊ होईल आणि बातमीनंतर घर त्यांच्यापासून थोडं लांब गेल्यासारखं दिसेल. मुलीच्या क्लोजला पण तेवढंच करा.

पोळपाट:
आणि क्रम बदला. मुलीचे शॉट आधी आणि वडिलांचे नंतर असं केलंत तर वडिलांना चार तास कॅमेऱ्याबाहेर बसून जेवावं लागेल आणि त्यांची पाळी येईल तेव्हा ते पिठल्याकडे बघूही शकणार नाहीत. बातमी ऐकतानाचा चेहरा त्यांचा आहे. वडिलांचा क्लोज टू-शॉटनंतर लगेच घ्या, दिवे दोनदा हलवावे लागले तरी चालतील. आणि मुलीचे शॉट चालू असताना कॅमेऱ्याबाहेर त्यांच्या पुढ्यात रिकामं ताट ठेवा, घास नुसता उचलू दे.